टाळ्या पडलेला फोटो

स्वच्छ या शब्दाची सीटी स्कॅनचे फोटो काढणाऱ्या तुरटीला आजवर कधी भीती वाटली नव्हती. उलट त्याच शब्दावर तो गेली बावीस वर्षं पोसला गेला होता. सोमवारी सकाळी डॉक्टरबाईंनी, म्हणजे सगळ्या फोटोंचे रिपोर्ट लिहिणाऱ्या बाईंनी, त्याला आपल्या पडदे ओढलेल्या खोलीत बोलावलं आणि बसायला खुर्ची दिली. त्या खोलीत फोटो काढणारी माणसं उभीच राहायची; खुर्ची फक्त वाईट बातमीला मिळायची. बाईंनी दोन पडद्यांवर दोन फोटो लावले. "हा शनिवारचा, तुमची रजा होती तेव्हाचा," त्या म्हणाल्या, "आणि हा चौदा महिन्यांपूर्वीचा, तुमच्या हातचा. किती स्वच्छ आहे बघा." दोन्ही फोटो त्याच्या वहिनीच्या छातीचे होते. शनिवारच्या फोटोत उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या टोकाशी गोटीएवढा पांढरा डाग होता. अठरा मिलिमीटर, बाईंनी मोजून त्यावर रेघ मारून ठेवली होती. जुन्या फोटोत त्याच जागी नुसता काळेपणा होता, कुठे ठिपका नाही की ओरखडा नाही. "चौदा महिन्यांत शून्यातून एवढं," बाई म्हणाल्या, "म्हणजे फार वेगानं वाढतंय. जागा अशी आहे की सुई घालून तुकडा काढणंही धोक्याचं, त्यामुळे वेगावरूनच ठरवावं लागेल. इतक्या वेगाच्या गाठीला सर्जन सहसा हात लावत नाहीत. आधी औषधं, तीही कडक. गुरुवारी सगळ्या डॉक्टरांची बैठक आहे. घरचं माणूस म्हणून तुम्हाला आधी सांगितलं." तो "बरं" म्हणाला. मग उगाच "आभारी आहे" असंही म्हणाला, आणि खुर्ची होती तिथे परत सरकवून ठेवून बाहेर आला.

बाहेर रांग होती. एक गुडघा, दोन मणके, खोकणारे आजोबा. तो यंत्रासारखा कामाला लागला. श्वास घ्या, रोखा, सोडा. हात चालत होते आणि डोक्यात एकच शब्द गिरणीच्या पट्ट्यासारखा फिरत होता. तुरटी हे नाव त्याला त्या स्वच्छपणानंच दिलं होतं. गढूळ पाण्यात तुरटी फिरवावी तसा हा कुठलाही गढूळ फोटो निवळून देतो, असं कोणीतरी म्हणालं आणि तेव्हापासून बायकोसुद्धा फोनवर "तुरटी आहेत का" असं विचारायला लागली. सीटीचं यंत्र किरणं सोडतं. किरणं भरपूर असली की फोटो नीट येतो, कमी असली की त्यावर वाळू पेरल्यासारखी बारीक रवाळ येते. विभागात तिला सगळे कचरा म्हणत. "कचरा फार आहे हो, जरा काढा," असं बाई म्हणायच्या आणि तो काढायचा. पडद्यावर एक पट्टी होती, शून्य ते पाच. पट्टी सरकवली की आतलं गणित शेजारच्या ठिपक्यांची सरासरी काढून रवाळ पुसत जायचं. शहाणी माणसं दोनवर थांबत. तो फोटो बघून ठरवायचा, कधी तीन, कधी चार, आणि पाचवर नेऊनही फोटो मेणचट दिसू न देण्याची त्याची म्हणून एक हातोटी होती. शिवाय त्याला फोटो पुन्हा काढावा लागत नसे. पुन्हा काढलेल्या फोटोंची विभागात एक वही होती, तारीख, रुग्ण, तंत्रज्ञ, कारण. इतरांच्या नावापुढे 'रुग्ण हलला', 'रुग्ण हलला' अशी रांग. जगातले सगळे रुग्ण सदानकदा हलतच असतात, असं ती वही वाचून कोणालाही वाटलं असतं. त्याचं नाव त्या वहीत तीन वर्षांत नव्हतं. याचा त्याला अभिमान होता, आणि तो अभिमान आपण किती वेळा बोलून दाखवला हे आता एकेक आठवून त्याच्या कानाच्या पाळ्या तापत होत्या.

वहिनी घरात आली तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. आई जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि दादा बस चालवायचा, पहाटे जायचा. वहिनीनं पहिल्या आठवड्यात त्याला खिडकीपाशी उभं करून त्याचे कान तपासले. "अगं बाई, यात तर भाजी उगवेल!" असं म्हणाली आणि हसत सुटली. तिचं हसू एकदा सुरू झालं की आवरत नसे. दुसऱ्याचे कान चकचकीत करणाऱ्या या बाईचा चष्मा मात्र कायम बोटांच्या ठशांनी बरबटलेला. तो तिच्या नाकावरून चष्मा काढून घ्यायचा, शर्टाच्या टोकानं पुसायचा. "तुला यातून दिसतं तरी कसं गं?" "दिसायचं ते दिसतं," ती म्हणायची. त्याच्या पहिल्या पगाराच्या दिवशी, लग्नाच्या दिवशी, मुलीच्या बारशाच्या फोटोत, सगळीकडे वहिनीचा चष्मा मळका आहे. चौदा महिन्यांपूर्वी तिला दोन महिने खोकला होता आणि दादानं फोन केला, "तुझ्याच यंत्रावर काढू या रे, परक्याच्या हातात कशाला द्यायची." तो दिवस त्यानं स्वतः मागून घेतला होता. ती टेबलावर आडवी झाली, दोन्ही हात डोक्यामागे, आणि काचेपलीकडून त्यानं माइकवर नेहमीच्या सरकारी आवाजात म्हटलं, "श्वास घ्या, रोखा," तर ती फस्सकन हसली. "तू मला घ्या म्हणतोस?" असा आवाज आतून आला. दोनदा असं झालं. तिसऱ्या वेळी त्यानं "घे गं बाई, रोख गं बाई" म्हटलं तेव्हा कुठे जमलं. त्याआधी एक गोष्ट त्यानं केली होती. किरणांचा आकडा त्यानं खाली आणला होता, ठरलेल्याच्या निम्म्याहून कमी. नियमात बसत नव्हतं. पण टेबलावर वहिनी होती, आणि परक्या माणसावर जेवढी किरणं सोडतो तेवढी तिच्यावर सोडायला त्याचा हात धजेना. कमी किरणं देऊ, राहिलेलं मी बघतो, असं त्यानं मनाशी म्हटलं. माया होती ती. माया नव्हती असं तो आजही म्हणू शकत नव्हता, आणि त्यामुळेच तोंड लपवायला जागा उरत नव्हती.

फोटो आला तो नुसता कचरा. ठरलेल्या किरणांवर पुन्हा काढायचा तर तिला आणखी दुपटीहून जास्त किरणं बसणार, आणि वहीत त्याचं नाव लागणार. यातलं आधी काय मनात आलं? या प्रश्नाशी तो सोमवारभर झटापट करत राहिला, आणि दर वेळी उत्तर तेच निघालं, आधी वही आठवली होती. मग त्यानं पट्टी धरली. एक, दोन. फुफ्फुसाच्या वरच्या टोकाशी काहीतरी धुरकट होतं, काचेवर कोणी हाऽ करून वाफ सोडावी इतपत. तीनवरही ते होतं. चारवर अंधुक झालं. पाचवर गेलं, आणि ते गेलं तेव्हा त्याला बरं वाटलं होतं. हेच ते. हे तो विसरला नव्हता, नुसतं बाजूला ठेवून दिलं होतं. तो डाग त्याच्या नजरेला पडला नव्हता असं नाही. पडला होता, त्यानं त्याला कचरा म्हटलं होतं, पुसला होता, आणि पुसून झाल्यावर शीळ घातली होती. डॉक्टरबाईंकडे फक्त पाचचा फोटो गेला. बाईंनी रिपोर्ट लिहिला, काही दोष नाही. खोकला पुढे आपोआप थांबला, आणि सगळ्यांनी त्याच्या यंत्राला श्रेय दिलं, जणू फोटो काढल्यानंच खोकला गेला.

एवढ्यावर भागलं असतं तर तो कदाचित गप्प बसला असता. यंत्र मूळ माहिती आठवड्यानं स्वतःच पुसून टाकतं. पुरावा म्हणून काही मागे राहत नाही. पण तुरटीला आपली करामत लोकांना दाखवायची हौस. त्यानं 'आधी-नंतर' नावाची एक फाइल ठेवली होती, तीत फोटोंच्या जोड्या, डावीकडे कचरा, उजवीकडे निवळलेलं. त्या वर्षीच्या प्रशिक्षणात चाळीस तंत्रज्ञांपुढे त्यानं भाषण केलं आणि शेवटची जोडी म्हणून वहिनीचं फुफ्फुस लावलं, नाव पुसून. हातात लाल ठिपक्याची बॅटरी होती. "निम्म्याहून कमी किरणं," तो म्हणाला, "आणि हा बघा कचरा, इथे, इथे, आणि इथेसुद्धा." लाल ठिपका वरच्या टोकाशी एक क्षण थांबला होता. नक्की थांबला होता? त्याच्या आठवणीत तरी थांबलाच होता. मग त्यानं कळ दाबली, उजवा फोटो आला, आणि सभागृहात टाळ्या पडल्या. दादाच्या घरी जाऊन त्याच संध्याकाळी जेवताना तो म्हणाला होता, "वहिनी, तुझ्या फुफ्फुसांना टाळ्या पडल्या आज. चाळीस माणसांच्या." दादा ताटावरच हसला. "मग आता हिच्या सह्या घ्यायला रांग लागणार म्हणायची!" वहिनी म्हणाली, "मेल्यांनो, माझ्या आतलं काय गावाला दाखवता," आणि तिला जे हसू फुटलं ते पाणी पिऊन थांबवावं लागलं.

मंगळवारी जेवणाच्या सुटीत त्यानं ती फाइल उघडली, आणि फोटो पूर्ण यायच्या आत बंद केली. आपण विसरलो असतो तर, असं तो स्वतःशी म्हणाला. माणूस विसरतो. भाषणाला वर्ष होऊन गेलं. ही फाइल आहे हे कोणाच्या ध्यानात आहे? बैठकीत मोठमोठे डॉक्टर बसतील, त्यांना अक्कल नाही का? वेगाचं असो, सावकाश असो, गाठ ती गाठ. शिवाय खरं सांगितलं तर बाईंच्या रिपोर्टवर शेरा येईल, एवढ्या चांगल्या बाईंना कशाला गोत्यात आणा. आपल्या भित्रेपणाला बाईंच्या अब्रूचा कोट चढवतोय हे त्याचं त्यालाच दिसत होतं, तरी तो चढवत राहिला. संध्याकाळी घरी बायकोनं विचारलं, "वहिनींचं काय म्हणाले?" तो म्हणाला, "गुरुवारी कळेल," आणि आंघोळीला गेला. बाथरूमचा आरसा वाफेनं भरला होता. सवयीनं त्यानं पुसायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला.

बुधवारी सकाळी दादाचा फोन आला. तीसेक वर्षं बस चालवलेला माणूस, कधी आवाज खाली आलेला नाही. इंजिनावर बोलायची सवय. आज तो कुजबुजत होता. "ती आत आहे, म्हणून हळू बोलतोय. मी बाईंना भेटलो. वेगाचं आहे म्हणे. कापून काढता येणार नाही म्हणे. सावकाश वाढणारं असतं तर काढून मोकळं करता आलं असतं, असं बोलल्या." तो ऐकत राहिला. "ऐकतोयस ना रे? मला यातलं काही कळत नाही. मला वळणं कळतात, खड्डे कळतात. तू तिथे आहेस म्हणून धीर आहे बघ. तू बघितलंस ना सगळं नीट?" तो म्हणाला, "बघतो, दादा." फोन ठेवल्यावर लक्षात आलं, आपण बघितलं म्हणालो नाही. मग तो उठला. हे धैर्य होतं असं पुढे कोणी म्हणालं तर म्हणो. त्याला ठाऊक होतं की पोरगं आईपुढे उलटी धरून ठेवतं आणि मग धरवत नाही, तसं ते होतं. डॉक्टरबाईंच्या खोलीत तो उभाच राहिला. फाइल उघडून डावीकडचा फोटो पडद्यावर लावला आणि म्हणाला, "हा माझ्याकडे होता."

बाई पडद्याच्या जवळ सरकल्या. मग त्यांनी वाळूतून त्या धुरकट जागेवर रेघ मारली. "अकरा," त्या म्हणाल्या. पुन्हा मोजलं. "अकराच. म्हणजे चौदा महिन्यांत अकराचे अठरा. अहो, हे सावकाश आहे!" त्यांच्या आवाजात आनंद होता, आणि तो आनंद त्याला मुस्काटात बसल्यासारखा लागला. मग आवाज बदलला. "हे मला तेव्हा का नाही पाठवलंत?"

"कचरा होता," तो म्हणाला. दुसरा शब्द सापडला नाही. मग सगळं सांगितलं, किरणांचा आकडा, पट्टी, वही. डागाचंही सांगितलं. "दिसला होता मला. तीनपर्यंत दिसत होता."

बाईंनी डोळ्यांवर हात ठेवले. "मीच म्हणायचे ना तुम्हाला सारखं, स्वच्छ द्या, स्वच्छ द्या, डोळ्यांना त्रास होतो. एवढा गुळगुळीत फोटो बघून मलाच शंका यायला हवी होती." त्या निम्मा भार उचलू पाहत होत्या, चांगल्या बाई होत्या, आणि तुरटीला त्यांचा राग आला. एवढी एकच गोष्ट माझी स्वतःची आहे, तीत कशाला वाटा मागता, असं त्याच्या मनात आलं. त्यांनी लगेच पुरवणी रिपोर्ट लिहिला आणि त्याला वाचून दाखवला. "मागील तपासणीचे मूळ चित्र पुन्हा पाहिले असता उजव्या फुफ्फुसात अकरा मिलिमीटरचा पुसट डाग आढळतो. अंतिम चित्रात तो दिसत नाही." सगळं खरं होतं. फक्त त्या दोन वाक्यांत कोणी काही केलेलं नव्हतं. डाग आपला आढळत होता आणि आपला दिसत नव्हता. "वरच्या साहेबांना मात्र आपण दोघांनी जाऊन सांगायचं," बाई म्हणाल्या, आणि ते दोघं जाऊन सांगून आले. साहेबांनी पट्टीवरून पाचचा आकडा काढून टाकायला सांगितलं. त्याला ताकिदीचं दोन ओळींचं पत्र मिळालं. त्याला वाटलं होतं त्यापेक्षा ते फारच लहान होतं.

गुरुवारच्या बैठकीत शस्त्रक्रिया ठरली. दादाला कोणी काय सांगितलं कोण जाणे, सर्जन घाईत बोलला असेल, पण दादाच्या डोक्यात जे बसलं ते असं, की सगळ्यांनी हात टेकले होते आणि माझ्या भावानं कुठूनसा जुना फोटो धुंडाळून आणला. संध्याकाळी दादा भावाच्या घरी आला आणि दारातच त्यानं तुरटीला मिठी मारली. या दोन भावांनी वडील गेले तेव्हाही एकमेकांना मिठी मारली नव्हती. "तू नसतास तर मेलीच असती रे ती," दादा म्हणाला. तुरटीनं तोंड उघडलं. "दादा, तो फोटो…" एवढं म्हणाला आणि दादाचे खांदे हलताहेत हे त्याला कळलं. दादा रडत होता. वाक्य तिथेच राहिलं. पुढच्या आठ दिवसांत ते त्यानं निदान वीस वेळा तोंडापर्यंत आणलं असेल.

शस्त्रक्रियेआधी एक फोटो लागणार होता. वहिनीनं सांगून ठेवलं, "त्यानंच काढायचा." पुढच्या शुक्रवारी अकराची वेळ होती. दादा बाहेर बाकावर बसला. आत वहिनी टेबलावर आडवी झाली, बारीक झाली होती, पण कुरकुर नाही. अंगावर धातू नको म्हणून चष्मा काढून तिनं त्याच्या हातात दिला. ठशांनी भरलेला. तो खिशात ठेवून तो तिचे हात डोक्यामागे नीट लावू लागला. तिचे डोळे चष्म्यावाचून लहान आणि ओळख नसल्यासारखे दिसत होते. ती छताकडे बघत म्हणाली, "हा जुना सापडलेला फोटो म्हणजे टाळ्या पडल्या होत्या तोच ना रे?"

त्याचे हात तिच्या कोपराशी थांबले. यंत्राचा पंखा घुं करत होता. "हो," तो म्हणाला.

"वाटलंच मला. चाळीस जणांनी बघितला म्हणालास, म्हणजे तेव्हापासून होता तुझ्याकडे." तिनं मान त्याच्याकडे वळवली. "तुला तेव्हा दिसलं होतं?"

आठ दिवस त्यानं या प्रश्नाची तयारी केली होती. किरणं, रवाळ, मायेपोटी कमी केलेला आकडा, सगळं ओळीनं लावून ठेवलेलं. "दिसलं होतं," तो म्हणाला. "मला घाण वाटली. मी पुसली."

वहिनीनं डोळे मिटले. मग ती हसली, नेहमीसारखी नव्हे, नाकातून एकदाच. "लहानपणी तुझे कान जरा जास्तच घासले मी," ती म्हणाली. त्यानं मान खाली घातली. अशा वेळी तिनं शिव्या द्याव्यात एवढीच त्याची इच्छा होती, आणि ती बाई कधी कोणाला शिव्या देत नसे. "बाहेर त्यांना सांगायला जाऊ नकोस," ती डोळे मिटूनच म्हणाली. "रात्री झोप लागत नाही त्यांना. मग उठून बसतात आणि मला तुझंच सांगत बसतात, कसा शोधून काढला, कशी नजर आहे. त्याच्यावर तगलेत ते. मी यातून उठले तर मी सांगीन, माझ्या वेळेनं. तू नाही सांगायचंस."

"पण वहिनी, मला ते ऐकवत नाही."

"मग नसेना का ऐकवत," ती म्हणाली. "ऐक तरीपण. आणि आज हसवू नकोस मला."

तो काचेमागे गेला. आकडा ठरलेला ठेवला, पुरा. पट्टी शून्यावर आणली. माइकवर "घे" म्हणाला, "रोख" म्हणाला, आणि वहिनीनं पहिल्याच वेळी रोखला. फोटो आला. कडांना थोडी रवाळ होती आणि मध्ये तो डाग, अगदी स्पष्ट. तसाच त्यानं बाईंकडे पाठवला. मग खणातून वही काढली आणि उघडली. चौदा महिन्यांपूर्वीच्या पानावर तळाशी एक ओळ मोकळी होती. त्या दिवशीची तारीख लिहिली, वहिनीचं नाव लिहिलं, आणि कारणाच्या रकान्यात, जिथे वरून खालपर्यंत सगळे रुग्ण हलत होते, तिथे स्वतःचं नाव घातलं. हे करून बरं वाटेल असं त्याला वाटलं होतं. वाटलं नाही. ती वही वाचायला कोणी बसणार नव्हतं.

वहिनी कपडे बदलायला गेली. खिशातला चष्मा टोचत होता. तो काढून त्यानं उजेडात धरला, सवयीनं शर्टाचं टोक हातात आलं, ते सोडून दिलं आणि चष्मा तसाच आतल्या नर्सबाईंजवळ दिला. दाराशी आला तर पलीकडून दादाचा आवाज येत होता, जुना, इंजिनावर बोलायचा. शेजारी बाकावर कोणी अनोळखी गृहस्थ, हातात बायकोची पर्स, घाबरलेला. "अजिबात काळजी करू नका," दादा त्याला सांगत होता, "आत माझा भाऊ आहे. मोठमोठ्या डॉक्टरांना जे दिसलं नाही ते त्यानं दाखवलं. त्याच्या नजरेतून काही सुटत नाही. तुमच्या मिसेसचाही तोच काढील, मी सांगतो त्याला." तुरटीनं दाराची कडी धरून ठेवली. आतून दुसरी वाट नव्हती. मग त्यानं दार ढकललं, आणि त्याला बघताच दादा उठून उभा राहिला, त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि त्या गृहस्थाला म्हणाला, "हा बघा. हाच तो."